दादा कुठे संपतो

बालवर्गातल्या इवल्याशा खुर्चीवर तो पहिल्यांदा बसला, तेव्हा त्याचे गुडघे थेट कानांशी गप्पा मारायला गेले. वर्गाच्या ताईंनी हसू दाबलं. मुलांनी नाही दाबलं. खुर्चीनंही नाही, ती कुरकुरली, एका बाजूला कलली आणि मग जे व्हायचं ते झालं.

अध्यापक विद्यालयातल्या त्याच्या तुकडीत बाकी सगळ्या मुली आणि बायका. मुलगा हा एकटाच, आणि एकटा असूनही चारचौघांत सगळ्यांच्या वर दिसणारा. पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव पडलं, 'शिडी'.

"शिडी, तो तक्ता जरा वर लाव ना रे."

"शिडी, पंख्यात फुगा अडकलाय. जा, राजा."

त्यालाही ते नाव आवडायचं. त्याचे बाबा वेल्डर. घराखालीच त्यांचं दुकान, आणि त्या दुकानात फाटकं, जाळ्या नि शिड्याच तर बनायच्या. "बापानं एवढ्या शिड्या केल्या," आत्या म्हणायची, "त्यातली एक घरात जेवायला बसते."

बाबांचा मुलाच्या शिक्षणाला विरोध नव्हता. त्यांना ते कळतच नव्हतं. एवढा धिप्पाड पोरगा, दारातून वाकून आत येणारा, आणि हा दिवसभर कागदाचे पक्षी कापतो, ठोकळे रंगवतो, बोटांत बाहुल्या घालून आरशासमोर बोलतो. पहिल्या वर्षी ते गप्प राहिले. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मुलगा शेवटच्या पाठात नापास होऊन आला, तेव्हा मात्र त्यांनी डोळ्यांवरची काळी काच वर केली आणि म्हणाले, "हे बघ. अजून एकदा दे तो पाठ. झालास तर झालास. नाही झालास तर पहिल्या तारखेपासून दुकानात. मला माणूस हवाय, तुला काम हवंय. रडारड नको."

"नाही रडणार," तो म्हणाला.

"तू नाही रे. मी तुझ्या आईबद्दल बोलतोय."

नापास होण्याचीही एक तऱ्हा होती. मोठ्या बाई, म्हणजे विद्यालयाच्या प्राचार्या, नावानं मोठ्या आणि उंचीनं एवढुशा, वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाठाचा विषय 'लहान-मोठं'. त्यानं हत्तीचं चित्र लावलं, मुंगीचं लावलं. सुरेख रंगवली होती त्यानं ती. हत्तीच्या कानावरच्या सुरकुत्यासुद्धा. मग तो ताठ उभा राहिला आणि भरदार आवाजात विचारलं, "सांगा पाहू, कोण मोठं?"

सगळी पोरं माना वर करून त्याच्याकडे बघत राहिली. उंच झाडावर माकड बसलंय की नाही, हे बघतात तशी. त्यानं पुन्हा विचारलं. एकानं जांभई दिली, ती शेजारणीला लागली, तिची तिसऱ्याला. शेवटी एक मुलगा म्हणाला, "दादा, तिथे वर थंडी वाजते का?"

टाचणात याचं उत्तर नव्हतं. टाचण म्हणजे पाठ घेण्याआधी करायचा आराखडा. एका बाजूला शिक्षक काय म्हणणार, दुसऱ्या बाजूला मुलं काय म्हणणार. दोन्ही बाजू लिहायच्या शिक्षकानंच. मुलांच्या बाजूला त्यानं लिहिलं होतं, 'मुले आनंदाने म्हणतात, हत्ती!' मुलांनी ते वाचलेलं नव्हतं.

"आवाज छान. चित्रं छान," पाठ संपल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलं कुठे होती?"

"बाई, सगळी हजर होती."

मोठ्या बाईंनी कागद मिटले आणि पुन्हा पाठ घ्यायची तारीख दिली.

तुकडीतली त्याची मैत्रीण म्हणजे काकू. दोन कॉलेजातली मुलं घरी ठेवून स्वतः शिकायला आलेली, डब्यात सगळ्यांसाठी जास्तीचं आणणारी. ती म्हणाली, "अरे, सराव कमी पडला तुझा. इथे आमच्यावर घेतलास तेव्हा कसा झक्क झाला होता."

ते खरंच होतं. विद्यालयात सराव पाठ घ्यायचे ते एकमेकांवर. एकजण शिक्षक व्हायचा, बाकीच्यांनी मुलं व्हायचं. वेण्या पुढे घ्यायच्या, अंगठा तोंडात घालायचा, 'बाई, हा मला चिमते काढतो' म्हणायचं. शिडीचा पाठ त्या लुटुपुटुच्या वर्गात इतका रंगला होता की काकू डोळे पुसत म्हणाली होती, मला पुन्हा लहान व्हावंसं वाटतंय. मग खऱ्या मुलांनीच असं का करावं?

"सराव," काकू पुन्हा म्हणाली. "घरी माणसं आहेत ना? घे त्यांच्यावर."

आणि त्याला ते पटलं. जे औषध लागू पडलं नव्हतं, तेच त्यानं दुप्पट घ्यायचं ठरवलं.

संध्याकाळी दुकानाचं दार ओढल्यावर त्यानं चटई अंथरली. आई पदराला हात पुसत आली, आत्या गुडघ्यांना हात लावत आली, आणि बाबांना आईनं ढकलत आणलं.

"आता तुम्ही सगळे चार वर्षांचे," तो म्हणाला.

"मग मला शू आलीय," आत्या म्हणाली.

"आत्या, सुरुवात तरी होऊ दे."

"चार वर्षांची आहे मी. मला काय कळतंय सुरुवात आणि शेवट."

बाबा हातांची घडी घालून उभेच. आईनं त्यांची बाही ओढली. "बसा की. पोरासाठी एवढं नाही होत?"

आणि बाबा बसले. बसले म्हणजे धपकन बसले, पाय पसरून, आणि खालचा ओठ बाहेर काढून म्हणाले, "मी नाही थिकनाल."

आत्यानं पदर तोंडात कोंबला.

"बाबा, चार वर्षांची मुलं एवढं बोबडं बोलत नाहीत."

"मी उशिरा बोलायला लागलो होतो. विचार तुझ्या आत्याला."

"खरंय," आत्या म्हणाली. "हा आधी लाथा मारायला शिकला. बोलणं मग."

त्यानं ठोकळे मांडले. लाल मोठा, निळा लहान. बाबांनी लाल ठोकळा उचलला आणि शर्टाच्या आत टाकला. त्यानं गोडीनं मागितला, बाबांनी मान हलवली. जरा दटावून मागितला, तर बाबांनी भोकाड पसरलं. असं पसरलं, की समोरच्या घराची खिडकी उघडली.

"अहो, शेजारी काय म्हणतील!" आई म्हणाली.

"शेजाली वाईत्त!" बाबा ओरडले, आणि आत्या हसून हसून आडवी झाली.

पण 'चला, गोल करा' म्हटल्यावर तिघंही उठली आणि गोल करून बसली. चटकन. हातात हात घालून. 'हत्ती मोठा की मुंगी?' विचारल्यावर तिघांनी एका सुरात 'हत्तीऽऽ' म्हटलं, आणि बाबांनी पुढे होऊन सांगितलं, "शाबास म्हण ना." तो शाबास म्हणाला. मग त्यानं स्वतः रचलेलं गाणं म्हणून दाखवलं:

*आभाळ केवढं? हातभर हसू*
*डोंगर केवढा? मांडीवर बसू*

"डोंगर मांडीवर कसा बसेल?" बाबांनी मोठ्या माणसाच्या आवाजात विचारलं.

"गाणं आहे ते, बाबा."

"मग ठीक."

पाठ संपला. त्यानं टाचणात लिहिलं, 'मुले गोलात बसतात,' आणि त्यापुढे वेळ लिहिली नाही, इतकं ते झटपट झालं होतं.

सगळं आवरल्यावर बाबांनी शर्टातून लाल ठोकळा काढला आणि तो तळहातावर ठेवून बघत बसले. त्या हातावर ठिणग्यांचे जुने डाग होते, तिळांसारखे. "मला असं कुणी गोलात बसवलंच नव्हतं," ते म्हणाले. "आम्हांला बाकावर बसवायचे. समोर भिंत, आणि भिंतीपुढे छडीवाले गुरुजी." मग ठोकळा परत देत म्हणाले, "पण बोलणं झालंय आपलं. पहिली तारीख."

"आहे लक्षात."

पाठाच्या दिवशी तो शाळेत पोचला, तेव्हा मोठ्या बाई आधीच येऊन मागच्या भिंतीशी बसल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर कागद, हातात पेन. वर्गाच्या ताई दारात उभ्या. त्यांनी डोळ्यांनीच त्याला 'घाबरू नको' म्हटलं, आणि तो आणखी घाबरला.

त्यानं टाचण मनातल्या मनात म्हटलं. गोल करणे. गाणे. चित्रे. ठोकळे. प्रश्न. शाबास. शेवट.

"चला," तो टाळी वाजवून म्हणाला, "सगळ्यांनी गोल करा!"

आणि पाठाचा पहिलाच टाका उसवला.

घरी गोल म्हणजे तीन मोठी माणसं आणि त्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट. इथे गोल म्हणजे काय, यावरच एकमत नव्हतं. काहींनी हात धरले आणि ओढायला लागले. काही आपल्याआपणच गोल गोल फिरायला लागली आणि भोवळ येऊन पडली. दोन वेण्यांच्या मुलीनं शेजारच्या मुलाचा हात धरायला नकार दिला, कारण तो चिकट होता. तिनं स्वतः तपासून सांगितलं. एका मुलानं पाहिलं, की पुढच्याचा सदरा धरला तर आगगाडी होते. झालं, गोलाची आगगाडी झाली. ती खिडकीवरून निघाली, मोठ्या बाईंच्या पायांना वळसा घालून शिडीच्या दोन पायांमधून शिट्टी मारत गेली. तिथे बोगदा आहे असा शोध लागल्यावर तर तिला थांबायचं कारणच उरलं नाही.

"गोल, मुलांनो, गोल!"

"कूऽऽक!"

त्यानं एका बाजूनं गोल जोडला की दुसऱ्या बाजूनं सुटे. फाटक्या पिशवीत भाजी भरावी तसं. आवाज चढवावा तर पोरं दचकतील, हळू बोलावं तर ऐकू जाणार नाही. मागे पेन काहीतरी लिहीत होतं. त्यानं तिकडे बघितलं नाही, पण पेनचा आवाज त्याला असा ऐकू येत होता, जसा खाली दुकानात कानस चालावी. कानस, ठिणगी, काळी काच, पहिली तारीख.

एवढ्यात मोजणी केली तर एक मूल कमी. 

"रुसूबाई टेबलाखाली गेलीय," दोन वेण्यांनी चहाडी केली. "तिला इंजिन व्हायचं होतं."

मूल टेबलाखाली असताना शिक्षकानं काय करावं, हे टाचणात नव्हतं. तो वाकला. दिसलं नाही. गुडघ्यांवर बसला, तरी टेबलाच्या काठानं डोकं अडलं. शेवटी तो सरळ पालथा पडला. अख्खाच्या अख्खा, नाक फरशीला लागेपर्यंत.

तिथे, टेबलाखाली, गुडघे पोटाशी घेऊन एक मुलगी बसली होती. तिच्या डोळ्यांच्या रेषेत त्याचे डोळे आले. तिनं त्याला नीट पाहिलं. वर्गात आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा तिला सबंध दिसत असावा.

"तुला मिशी आहे?" ती म्हणाली.

"आहे थोडी."

"मला वाटलं सावली आहे."

"बाहेर येतेस?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि तसाच पडून राहिला. काय करणार? तिला ओढायचं नव्हतं, आणि उठून उभं राहायचं म्हणजे पुन्हा थंडीत जायचं.

मागे आगगाडीचा आवाज बंद पडला. बोगदा कोसळला होता ना. पोरं जवळ आली. कुणीतरी त्याच्या बुटाला बोट लावलं. कुणीतरी केसांना.

"दादा झोपला?"

"मेला?"

"मेलेला बोलत नाही. हा बोलतोय."

मागच्या वेळी थंडीची चौकशी करणारा तो मुलगा, ज्याला ताई 'शंकासुर' म्हणायच्या, तो त्याच्या डोक्यापासून चालायला लागला. पाऊल, पाऊल, खांद्यापाशी थांबला, पाऊल, पाऊल, कमरेपाशी थांबला, पुन्हा पाऊल, आणि शेवटी थकल्यासारखा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, हा दादा कुठे संपतो?"

वर्ग हसला. आणि शिडीला काहीतरी वेगळंच वाटलं. भीती नव्हे, भीतीच्या शेजारची काहीतरी गंमत. पाठासाठी भिंतीवर लावलेला हत्ती सुटून उलटा पडला होता. मुंगीची टाचणी निसटली होती. पण विषय तर इथे खाली जमिनीवर आडवा पडला होता, आणि पोरं त्याच्याभोवती गोळा झाली होती. आता उठलं तर टाचणाकडे जाता येईल. नाही उठलं तर... नाही उठलं तर काय, ते ठाऊक नव्हतं.

तो उताणा वळला आणि छताकडे बघत म्हणाला, "मलाही माहीत नाही, मी कुठे संपतो. मोजता का?"

"पट्टीनं?"

"पट्टी नाही पुरणार," शंकासुर म्हणाला.

"मग पोरं लावा," टेबलाखालून आवाज आला. रुसूबाई सरपटत बाहेर आली, त्याच्या शेजारी पडली आणि तिनं आपलं डोकं त्याच्या डोक्याला बरोबर जुळवलं. "मी एक. आता माझ्या पायाला दुसरं लावा."

आगगाडीचं इंजिन तिच्या पायांशी डोकं लावून पडलं. बाकीची सगळी उकिडवी बसली आणि श्वास रोखून बघायला लागली.

शिडीनं मान उचलून पाहिलं आणि त्याचं त्यालाच खरं वाटेना. इंजिनाचे पाय त्याच्या बुटांच्याही पुढे गेले होते. चांगले वीतभर.

"दादा कमी पडला!" शंकासुर ओरडला.

"दादा लहान! दादा लहान!"

"आम्ही मोठ्ठे!"

टाचणात, मुलांच्या बाजूला, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'दादा मोठा, आम्ही लहान.' त्यानं स्वतः लिहिलं होतं. तो म्हणाला, "मी एकटा आहे. तुम्ही दोघं आहात."

"मग?" रुसूबाई म्हणाली. "तुलाही कुणी आणायचं होतंस."

तो हसत सुटला. पडल्यापडल्या हसताना त्याचं पोट हलायला लागलं, ते बघून पोरं हसायला लागली, आणि एकीनं त्याच्या पोटावर हात ठेवून पाहिला की हसू कुठून येतंय.

दोन वेण्यांना मात्र दया आली. ती त्याच्या डोक्याशी येऊन बसली. "दादा, हात वर कर. म्हणजे पुरशील."

त्यानं दोन्ही हात डोक्यामागे ताणले. आता तो मोठा झाला. पोरांनी हात वर केले. पोरं मोठी झाली. त्यानं बुटांची टोकं पुढे ताणली, पोरांनी तिसरं पोर आणून लावलं. लहान, मोठं, पुन्हा लहान, पुन्हा मोठं. कुणीतरी म्हणालं, तो बसला की केवढा? मोजा. गुडघे दुमडले की केवढा? मोजा. दादाचा एक बूट आणि माझे दोन? मोजा. वर्गभर पोरं एकमेकांशेजारी आडवी पडली, डोक्याला डोकं लावून, पायाला पाय लावून, आणि जो तो आपल्यापेक्षा लहान काय आणि मोठं काय ते शोधायला लागला. चिकट हाताचा मुलगाही कुणाच्या तरी शेजारी मोजून घेत होता. चिकटपणाकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं.

मग शंकासुरानं मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"त्या बाई केवढ्या?"

शिडी कोपरांवर उठला. वर्गाच्या ताईंनी दारात तोंडाला हात लावला.

"त्या पाठ बघायला आल्यात," तो घाईनं म्हणाला. "त्यांना नाही मोजायचं."

"का? त्या घाबरतात?"

मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. कागद खुर्चीवर ठेवले. साडीचा पदर खोचला आणि, ती कडक इस्त्री, त्या चुण्या, सगळं घेऊन त्या आल्या आणि मुकाट्यानं फरशीवर आडव्या झाल्या. हात अंगाशी, टाचा जुळवून.

"हं," त्या छताला म्हणाल्या. "मोजा."

रुसूबाई त्यांच्या शेजारी पडली. ती संपली, बाई थोड्या उरल्या. दोन वेण्या पुढे लागल्या, तर निम्म्या बाहेर गेल्या.

"बाई दीड पोर," शंकासुरानं निकाल दिला.

"दीड म्हणजे?" दोन वेण्यांनी पडल्यापडल्या विचारलं.

"एक पोर आणि अर्धी तू."

"मी अर्धी नाहीये!" ती ताडकन उठून बसली. डोळ्यांत पाणीच आलं. "मी सबंध आहे!"

मोठ्या बाई छताकडेच बघत होत्या, पण कान इकडे होता, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. शिडीच्या ओठावर उत्तर आलं होतं, मोठ्या माणसाचं, अर्ध्याचं, भागाकाराचं. ते त्यानं गिळलं.

"ती सबंधच आहे," तो म्हणाला. "आता बाईंचं काय करायचं?"

पोरं विचारात पडली. चार वर्षांचा विचार दिसतो. कपाळावर, जिभेच्या टोकावर, नाकात गेलेल्या बोटावर. मग कुणीतरी दप्तर ओढत आणलं आणि रुसूबाईच्या पायांशी ठेवलं. अजून थोडं कमी. दुसऱ्या कुणीतरी दारातून एक बूट आणला. बूट लावला. बरोबर! बाईंच्या टाचेला बुटाची टाच.

"बाई म्हणजे एक पोर, एक दप्तर आणि एक बूट!"

"मान्य आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

आणि मग शिडीला त्याचं गाणं आठवलं, की पोरांनी आठवून दिलं, ते नंतर त्यालाही सांगता आलं नाही. त्यानं हळूच धरलं, *आभाळ केवढं? हातभर हसू*. पोरांनी ते एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा त्याच्या हातून काढून घेतलं:

*दादा केवढा? दोनाला उणा*
*बाई केवढ्या? दप्तर आणा!*

घंटा झाली तेव्हा वर्ग अजून जमिनीवरच होता.

मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या राहून पाठीवरची धूळ झटकत होत्या. हात पोचत नव्हता, पण सांगायला कुणाची छाती होईना. तो समोर उभा राहिला. आता पुन्हा उंच, पुन्हा थंडीत.

"टाचणातला गोल?" त्यांनी विचारलं.

"झाला नाही, बाई."

"चित्रं?"

"दाखवली नाहीत. म्हणजे... हत्ती पडला."

"टाचणाचे गुण कापलेत मी."

"हो, बाई."

"आणि खिडकीशी ती लाल मोज्यांची मुलगी. सबंध वेळ एकटी उभी होती. एकदाही मोजायला आली नाही. तुमच्या लक्षात आलं?"

त्याचा चेहरा उतरला. खोटं बोलावंसं क्षणभर वाटलं. "नाही आलं, बाई."

"उद्या तिच्यापासून सुरुवात करा."

तो मान हलवून वळला आणि मग तसाच थांबला. "उद्या... म्हणजे?"

"म्हणजे काय? नापास माणसाला मी उद्या कशाला बोलावू?" मोठ्या बाई म्हणाल्या आणि निघाल्या. चालताना त्यांच्या पाठीवर फरशीची सगळी रांगोळी उमटलेली होती.

तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बाबा. बाबा कधी फोन करत नसत. त्यांच्या मते फोन हा आलेला घ्यायचा असतो. मागे ग्राइंडरची घरघर इतकी मोठी होती, की दोघंही ओरडत होते.

"काय झालं रे?"

"झालो, बाबा! पास झालो!"

"काय?"

"पास!"

घरघर चालूच होती. मग बाबा म्हणाले, "बरं झालं. तुझी वेल्डिंगची रेघ कधी सरळ आलीच नाही. गिऱ्हाइकांनी मला फाडून खाल्लं असतं."

"मग मला दुकानात कशाला बोलवत होतात?"

"तू घरात रिकामा बसून तोंड पाडशील म्हणून! दुसरं काय येतं मला?"

तो काही बोलणार, इतक्यात त्याच्या खांद्यावर कुणीतरी बोट टोचलं. मागे लाल मोजे उभे होते. एका पायात बंद सुटलेला बूट होता, दुसऱ्या पायात नुसता मोजा, आणि हातात बूट.

"हा माझा आहे," ती म्हणाली.

"हो का?"

"बाईंना लावला तो. माझा होता. दप्तर तिचं होतं. बूट माझा."

म्हणजे तिनं सगळं पाहिलं होतं. खिडकीला पाठ लावून, एक एक माप. त्यानं फोन पायरीवर ठेवला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाची जीभ सरळ केली. फोनमधली घरघर हळूहळू उतरत गेली आणि थांबली. पण फोन बंद झाला नाही.

"त्यात कोण आहे?" तिनं विचारलं.

"माझे बाबा."

"ते केवढे आहेत?"

"मला काय माहीत? तू विचार."

ती फोनवर ओणवी झाली, नाक टेकेल इतकी. "तुम्ही किती पोरांएवढे?"

फोनमधून दुकानातल्या चिमणीची चिवचिव ऐकू आली. मग बाबांचा आवाज आला, न ओरडता.

"एका," ते म्हणाले. "एकाच पोराएवढा आहे मी, बाळा."

मुलीनं विचार केला.

"म्हणजे लहानच आहेत," ती म्हणाली, आणि पहिला बूट नीट बसलाय की नाही ते बघून तिनं दुसराही पाय पुढे केला.